घोट्याचं माप

चौतीस वर्षं मी आमच्या ह्यांना सांगत होते, शिलाई मशीनवरून उठा, जरा पाय मोकळे करून या. हे शिंपी. गिऱ्हाइकाचा खांदा पाव इंच उतरलेला ह्यांना लांबून दिसायचा, पण माझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचे. मग हृदयाची ताकद निम्म्यावर आली, पायांवर सूज चढली, आणि हॉस्पिटलचा व्यायामवर्ग घेणारी मुलगी एकदाच म्हणाली, "काका, चला." हे निघाले.

मुलगी आमच्या लेकीपेक्षा लहान. तिच्यावर जळायचं माझं वय नाही, पण मी जळत होते. आठवड्यातून तीन दिवस हे इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि घरी येऊन तिचंच पुराण लावायचे. "ती म्हणते, चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना, तर वेग कमी करायचा." "ती म्हणते, व्यायामाने पायांचे स्नायू तयार होतात, मग हृदयावर ताण कमी येतो."

"आणि मीठ कमी खा, हे कोण सांगत होतं?" मी विचारलं.

"तेही तीच सांगते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात वाईट हे, की तिचं खरं ठरत होतं. आडवं झालं की दम लागतो म्हणून तीन उशांवर झोपणारा माणूस दोन महिन्यांत एका उशीवर आला.

रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं, अशी तिची ताकीद होती. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर अंगात पाणी साठतंय. व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. ह्यांचा विश्वास काट्यापेक्षा टेपवर. रोज घोट्याचं माप घ्यायचे आणि कापड बेतायच्या टेबलावर खडूने लिहून ठेवायचे. एका सोमवारी तिथे शुक्रवारचे सव्वानऊ इंच होते आणि त्या दिवशीचे दहा. वहीत मात्र वजन जसंच्या तसं. वर्ग बुडू नये म्हणून हे तिला खोटी वही दाखवायला निघाले होते.

गप्प बसावं, असं मला खरंच वाटलं. पडू देत तिच्यासमोरच, म्हणजे डोळे उघडतील. हे मनात आलं याची मला अजून लाज वाटते. मग मी हॉस्पिटलला फोन केला. लघवीची गोळी वाढली, वर्ग दहा दिवस बंद. तेवढे दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तुला माझं चालणं बघवत नव्हतं." त्यात खोटं काही नव्हतं.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी सहा मिनिटांत किती चालता येतं, याची चाचणी होती. पहिल्या वेळी दोनशे साठ मीटर झाले होते, आता तीनशे तीस झाले. मुलगी म्हणाली, हृदयाच्या ताकदीचा आकडा थोडासाच सुधारलाय, पण काकांना आता दम कमी लागतो, ते मोठं.

"सगळं तुमच्यामुळे," हे तिला म्हणाले. मी पर्सचा पट्टा घट्ट धरून उभी राहिले.

"आता घरी चाला. काकूंना सोबत घ्या."

"हिच्यासोबत हळू चालावं लागेल," हे म्हणाले. "जिन्यात आठव्या पायरीवर थांबते आणि पिशवी या हातातून त्या हातात घेते. दम लागतो, पण सांगत नाही."

ही युक्ती कुणाच्या लक्षात आली नाही, अशी माझी समजूत होती. मुलीने पेन खाली ठेवलं. "कधीपासून, काकू?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "दोन वर्षं झाली."