उपाशीपोटी हेडबाई

सर्जिकल वॉर्डात बावीस वर्षं काढलेल्या सिस्टरना सगळे हेडबाई म्हणत, पण माघारी. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मधुमेही पेशंटच्या खाटेपाशी त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "सकाळी पोट रिकामं. म्हणून जेवणाआधीचं इन्सुलिनही नाही. काय सांगितलं, म्हणून दाखवा." पेशंट मुकाट्याने म्हणून दाखवायचा.

मग त्यांच्याच पित्ताशयात खडे निघाले. मधुमेह अकरा वर्षांपासून होताच. धाकटी नर्स सूचनांचा कागद घेऊन आली तेव्हा त्यांनी न वाचताच सही ठोकली. "मला शिकवतेस होय गं?"

ऑपरेशनच्या दिवशी त्या घरूनच आल्या. सात वाजता साखर तपासली, एकशे वीस. सगळं ठीक. शेजारी नवरा स्टुलावर बसला होता. घड्याळं दुरुस्त करणारा, मितभाषी माणूस. आठच्या सुमारास हेडबाई एकाएकी म्हणाल्या, "बस आली का हो?"

नवरा हसला. मग त्याच्या लक्षात आलं, ही कधी थट्टा करत नाही. त्याने हात धरला तर तो गार, घामाने निथळणारा. गाऊन पाठीला चिकटलेला. त्याची हाक ऐकून धाकटी नर्स धावत आली, बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला, अडतीस. साखर धोक्याइतकी उतरली होती. तिने तिथूनच डॉक्टरांना हाक मारली.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, शिरेतून ग्लुकोज दिलं. काही मिनिटांनी हेडबाईंची नजर ताळ्यावर आली.

"हेडबाई, सकाळी इन्सुलिन घेतलंत?" घाबरलेल्या नर्सच्या तोंडून ते नाव निघून गेलं.

"मी? डोकं फिरलंय का तुझं?"

नवरा खाकरला. "अगं, आंघोळीनंतर तू पोटात सुई टोचलीस. मी पाहिलं. मला वाटलं, तुला माहीतच असणार."

आंघोळ, वेणी, इन्सुलिनचं पेन. अकरा वर्षांची सवय. आज हाताने ते परस्पर उरकलं होतं, अख्खा डोस, आणि त्यांना पत्ताही नव्हता. त्या आपल्या उजव्या हाताकडे बघतच राहिल्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

"भूल दिल्यावरही आम्ही साखर बघतोच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तेव्हा तुम्ही बसबद्दल विचारलं नसतंत. कळायला उशीर झाला असता."

नवऱ्याने स्टूल खाटेजवळ ओढलं.

ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. तोवर त्यांना वॉर्डातच ठेवून घेतलं आणि पेन नवऱ्याने खिशात टाकलं. ऑपरेशन नीट पार पडलं, जखमही वेळेवर भरली. धक्का मात्र ओसरेना. घरी आल्यावर पहिल्या सकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या.

"अहो, मी घेतलं का?"

"नाही. पेन माझ्याकडेच आहे."

"नक्की?"

"नक्की गं."

तरी त्यांनी आधी बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला, ताट वाढून समोर ठेवलं. मगच पेनासाठी हात पुढे केला.