बांधावरचा वसवा

चुलत भावाचं रान आणि माझं रान, मधे एकच बांध. त्याच्या कडेला त्याचा कडुलिंब, माझ्या कडेला माझा. झाडाच्या सावलीनं खालचं पीक दबतं, त्याला आम्ही वसवा म्हणतो. त्या वसव्याला वैतागून मी माझा लिंब तोडला. दोन ओळी कपाशी जास्त झाली. त्यानं त्याचा ठेवला, म्हणून गावभर त्याला येडा म्हणत फिरलो.

आता उन्हाळा असा तापतो की माझी म्हैस दावं तोडून त्याच्या लिंबाखाली जाऊन बसते. भाकरी घेऊन येणारी बायकोसुद्धा आधी तिथंच टेकते. त्यात परवा ग्रामसभेत शहरातले एक साहेब सांगायला लागले, झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतात, त्यानं पृथ्वीचं तापणं मंदावतं. आणि उदाहरण कुणाचं? ह्याच्या लिंबाचं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, माझ्या पोटात दुखायला लागलं.

दुपारी त्याला बांधावर गाठलं. "तुझा वसवा माझ्या रानात पडतो. फांद्या तोड."

रानात तेव्हा पीकच नव्हतं.  तरी तो कुऱ्हाड घेऊन वर चढला आणि माझ्या बाजूची जाड फांदी धरून म्हणाला, "हीच ना बे?"

त्याच फांदीच्या सावलीत मी उभा होतो. शेजारी म्हैस रवंथ करत होती.

"राहू दे," मी म्हणालो.

"कावून?"

"म्हशीला ऊन लागंल."