भिमाजीशेठच्या बागेतून जाणारी रेल्वे

आमच्या भागात पुणे-नाशिक रेल्वे आजवर फक्त भाषणांतून धावली. निवडणूक आली की ती नारायणगावात शिरायची, निकाल लागला की निघून जायची. आम्ही हसायचो आणि जीपच्या मागे लोंबकळायचो. कुशाबा मात्र मनापासून चिडायचा.

आळेफाट्याला त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. ब्याण्णव साली तो रेल्वेत सहायक ड्रायव्हरच्या परीक्षेला बसला. लेखीत पास झाला, पण डॉक्टरनं पुढ्यात ठिपक्यांचं पुस्तक धरलं. बाकीच्यांना त्या ठिपक्यांत आकडे दिसले, ह्याला नुसते ठिपके. तांबडा आणि हिरवा त्याला एकच. सिग्नल न ओळखणाऱ्याच्या हाती इंजिन कोण देणार? घरी येऊन म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं. पर मी इंजिनात बसणारच." पोरगं हाय खाल्ल्यानं बरळतंय, असं आम्ही धरून चाललो.

टीव्हीतल्या बारक्या सुट्या भागांवर रंगीत पट्टे असतात, त्यावरून त्यांची किंमत कळते. कुशाबाला ते पट्टे कळायचे नाहीत, म्हणून तो प्रत्येक भाग मीटरला लावून मोजायचा. काम उशिरा व्हायचं, पण पक्कं व्हायचं. चित्रातले रंग जुळले की नाही, हे त्याची बायको लंका सांगायची. "बाईचं तोंड अजून हिरवंच हाय, फिरवा थोडं," असं तिचं चाले.

रविवारी दुकान बंद ठेवून हा माणूस पायी हिंडायचा. पेठपासून मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा. हातात गवंड्यांची पाणी भरलेली नळी. कुठं चढ, कुठं उतार, सगळं वहीत. मग माळ्यावर डब्यांच्या पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ, आइस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर आणि टेपरेकॉर्डरच्या मोटारीवरचं इंजिन. अशी बारा वर्षं. पारावर कुणी विचारायचं, "काय कुशाबा, गाडी किती लेट?" तो म्हणायचा, "तुमच्या पुढाऱ्यापरीस कमी."

दोन हजार चारच्या गणपतीत ही रेल्वे आमच्या मंडळाचा हलता देखावा झाली. मी मंडळाचा सेक्रेटरी, भिमाजीशेठ अध्यक्ष. शेठ म्हणजे गावातला सगळ्यात मोठा द्राक्षबागाईतदार. मांडणी चाळीस फूट लांब: गोणपाटावर प्लास्टर थापून केलेल्या टेकड्या, कुकडीवरचा पूल, आमचं गाव घरांसकट. वरून बघून सगळे खूश. शेठनं तर हिरव्या दोऱ्याच्या आपल्या बागेवरून कौतुकानं बोटसुद्धा फिरवलं. वरून बघितलं तर ते खेळणंच होतं.

मग कुशाबानं पुण्याहून, बुधवार पेठेतून, काडेपेटीएवढा कॅमेरा आणला. बिनवायरचा आणि ब्लॅक अँड व्हाइट. तो इंजिनाच्या कपाळावर बसवला आणि मंडपात एकवीस इंची टीव्ही मांडला. मला म्हणाला, "ह्यात रंगच न्हाईत, सुभाष. आता समद्यांचे डोळे माझ्यासारखे." मी त्याला एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दुपारी चाचणी घेतली. कुशाबा मांडणीकडे पाठ करून, टीव्हीला तोंड देऊन बसला आणि हातात बटण घेतलं. रूळ अंगावर येऊ लागले. पूल आला, देऊळ आलं, शाळा आली. आपलंच गाव, पण आपण कधी न बघितलेल्या बाजूनं. बायका खुर्च्या धरून बसल्या. एवढ्यात द्राक्षांचे खांब दोन्ही अंगांनी सुटू लागले, डावीकडून एक विहीर सरकत गेली, आणि भिमाजीशेठ ताडकन उठले.

"ह्यो माझा बाग हाय!"

"हाय की," कुशाबा म्हणाला.

"मंग त्यातनं गाडी कशी?"

"रेल्वेला चढ सोसत न्हाई, शेठ. सपाट पट्टा तेवढाच हाय."

झालं. संध्याकाळपर्यंत गावभर बातमी, की कुशाबाच्या हाती सरकारी सर्व्हे लागलाय, टीव्हीवर दाखवतोय. दुसऱ्या दिवशी दोघे जण सातबारा घेऊनच मंडपात आले. एक म्हणाला माझा बांध वाचव, दुसरा म्हणाला स्टेशन माझ्या पडीक रानात टाक. कुशाबा सांगून थकला की हे मी माझ्या हातानं केलंय. कुणाला पटेना. टीव्हीवर दिसलं ते खोटं कसं असेल?

शनिवारी जिल्ह्यातले एक पुढारी आरतीला येणार होते. शेठनं मला बाजूला घेतलं. "सायबांनी बघितलं आन तसंच कागदावर आलं तर? वरनं भिकाच्या टेकाडावरनं घ्यायला सांग. खडकच हाय तिथं."

त्या खडकावर भिकाचं घर आहे. एक एकर जमीन आणि दोन खोल्या, त्यापलीकडे त्या माणसाचं काही नाही. कुशाबाला मी निरोप सांगितला. त्यानं वर न बघता उत्तर दिलं, "रूळ बोटभर हलणार न्हाई."

शनिवारी चार वाजता तो अंघोळीला घरी गेला आणि मी पकड घेतली. हातभर रूळ उचकटले, टेकाडावर चढवले, बारीक खिळे ठोकले. खेळणं तर आहे, असं मनाशी म्हणत होतो. तरी दर खिळ्यागणिक मंडपाच्या दाराकडे बघत होतो, त्यावरून खेळणं नाही हे मला कळायला हवं होतं. शेठच्या एका शब्दावर मी मित्राची बारा वर्षं हलवली. आजही ते आठवलं की स्वतःची किळस येते.

आरती झाली. पाहुणे पुढच्या खुर्चीत बसले. कुशाबा नव्या शर्टात, नेहमीसारखा मांडणीकडे पाठ करून बसला. ड्रायव्हरनं समोर बघायचं, एवढंच त्याला ठाऊक. गाडी निघाली. गाव ओलांडलं आणि रूळ भलतीकडे वळले. मोटार कण्हू लागली, इंजिन थोडं चढलं आणि अडकलं. सबंध पडद्यावर एक दार दिसत होतं. चाकं जागेवर फिरत होती.

मागून भिका ओरडला, "आरं, ह्ये तर माझं दार हाय!"

पाहुणे हसले. "गाडी चहाला थांबली वाटतं."

मंडप हसला. कुशाबानं बटण बंद केलं, वळून रूळ पाहिले आणि माईक घेतला. "ह्यो मार्ग माझा न्हाई. कुणी हलवला?"

मी उभा राहिलो. तोंडातून शब्द गेला, "मी." कुणी सांगितलं ते मी बोललो नाही. तरी सगळ्या माना शेठकडे वळल्या.

 कुशाबानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं पकड उचलली आणि सगळ्यांदेखत खिळे उपटायला बसला. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. "चला, आम्हाला अजून चार मंडळं आहेत."

"जा की," कुशाबा खाली मान घालूनच म्हणाला. "गाडी तुमच्यावाचून इतकी वर्सं थांबली, तुमच्यावाचून जाईल."

पाहुणे उठले, त्यांच्यामागे त्यांची माणसं गेली. गाव मात्र बसून राहिलं. मी जाऊन रूळ धरले, तो खिळे ठोकत गेला. भिका शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभा होता. अर्ध्या तासानं कुशाबा पुन्हा टीव्हीपुढे बसला. खांब दोन्ही अंगांनी सुटले, विहीर सरकली, गाडी बाग ओलांडून आळेफाट्याच्या दिशेनं सुसाट निघाली. टाळ्यांनी मंडप दणाणला.

शेठ त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. टाळ्या थांबल्या.

"पुढल्या वर्साला तुझी गाडी ह्या मंडपात दिसता कामा न्हाई."

कुशाबानं पडद्यावरची नजर काढली नाही.

"पुढल्या वर्साला नाशिकपतुर नेतोय, शेठ. मंडप लांब घाला."