‘काही नाही’ म्हणणारा जावई

आमच्या कॉलेजात पाहुण्याला यायला दोन-तीन तास उशीर झाला की स्टाफरूममध्ये माझं भाषण ठरलेलं असतं. नांदेडात मी राज्यशास्त्र शिकवतो. शाल, श्रीफळ, फेटा, हलगी आणि फटाके हा माझा जादा अभ्यासाचा विषय. शंभर माणसं एकाच्या तोंडाकडे बघत कशी ताटकळतात, तो हसला की कशी हसतात, त्याची भुवई हलली की माईकवाला कसा पळत सुटतो, हे मी इतकं रंगवून सांगतो की लोकांच्या हातातला चहा गार होतो. वर्गातही सांगतो, खऱ्या सत्तेला ओरडावं लागत नाही. हे मी पुस्तकात वाचलं असावं अशी मुलांची समजूत आहे. मी ते उदगीरला शिकलो, सासुरवाडीत.

लग्नाच्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. एवढंच. एप्रिलचं ऊन, कानाशी बँड, डोक्याला बाशिंग आणि सकाळपासून पोटात फक्त चहा. पंगतीत मी गप्प बसलो आणि बुंदीला हात लावला नाही. लगेच मेहुणा आला. “दाजी, काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही.” मग त्यांचे कोणी चुलते आले, मग गावातले एक वजनदार गृहस्थ. शेवटी सासरे स्वतः आले. बाजारात किराणा दुकान चालवणारा, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढणारा, समाजाच्या बैठकीत ज्याचं म्हणणं शेवटचं धरत असा माणूस. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“जावईबापू, आमचं काय चुकलं असंल तर पदरात घ्या.”

डोकं दुखतंय, गोळी असली तर द्या, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी त्यांच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं आणि म्हणालो, “काही नाही.” शेजारी बसलेल्या माझ्या चुलत्याने माझ्या मांडीवर थाप मारली. “जमलं गड्या तुला,” म्हणाला.

जमलंच. पुढची बावीस वर्षं जमत गेलं. मी त्या घरात कधी काही मागितलं नाही, याचा मला अभिमानच होता. हुंडा घेतला नाही, अंगठी घेतली नाही, अमुक भाजी करा म्हणालो नाही. एकदा आल्याचा चहा मी अर्धा ठेवला. त्यानंतर माझ्यासाठी बिनआल्याचा चहा वेगळ्या पातेल्यात होऊ लागला. एकदा टीव्हीकडे नुसतं पाहिलं; मी असेपर्यंत टीव्ही बंद. मी जेवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, मी बसल्याशिवाय मेहुण्याने खुर्चीला टेकायचं नाही. हे सगळे कायदे त्यांनीच केले आणि त्यांनीच पाळले. मी फक्त गप्प बसायचो आणि विचारलं की दोन शब्द बोलायचो.

बायकोचं मागणं एकच असे. चार दिवस माहेरी राहायचं. ती दर खेपेला विचारायची, तेही निघताना, चपला घालता घालता. “राहू का मी चार दिवस?” मी म्हणायचो, “राहा की.” शब्द तेच, पण बोलताना मी भिंतीकडे बघायचो. ती आत जाऊन बॅग घेऊन यायची. दोन बाळंतपणं सोडली तर बावीस वर्षांत ती त्या घरात सलग चार रात्री झोपलेली नाही. आणि मी मित्रांना सांगायचो, आमच्याकडे बुवा असली बंधनं नाहीत.

गेल्या धोंड्याच्या महिन्यात मात्र मी पकडला गेलो. तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, त्याचे पाय धुतात, कपडे करतात. शिवाची भक्ती करणाऱ्या घराने विष्णूच्या महिन्याचा एवढा उत्साह कशाला धरावा, असा शेरा मी दर वेळी मारतो आणि दर वेळी वेळेवर पोचतो. या खेपेला मला परीक्षेचं काम होतं म्हणून बायको सकाळीच पुढे गेली. मी दुसऱ्या दिवशी यायचं ठरलं होतं. ऐनवेळी काम रद्द झालं, मी मिळेल ती एसटी धरली आणि न कळवता दुपारी चारच्या सुमाराला उदगीरला उतरलो.

दार उघडं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता. चुकून शेजारच्या घरी आलो की काय असं वाटून मी थबकलो, कारण या घरात हसतात हे मला माहीत नव्हतं.

आत सासरे खुर्चीत ताठ बसले होते. उघड्या डोक्याने, हातात रिकामी कपबशी. सासूबाई समोर वाकून, पदर सावरत लाडिक आवाजात विचारत होत्या, “चहा कसाय, जावईबापू?” सासऱ्यांनी बराच वेळ घेतला. मग नाकातून श्वास सोडून म्हणाले, “चालंल.”

मेहुणा लोळायचाच बाकी होता. बायको बाजेवर पाय वर घेऊन बसली होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मी तिला असं हसताना लग्नाआधी एकदा पाहिलं होतं, बघण्याच्या कार्यक्रमात, दाराआडून.

“न्हाई अण्णा, चुकलाव तुम्ही,” ती म्हणाली. “आधी बशीकडं बघतेत. मग भिंतीकडं. मग ‘चालंल’.”

“अन् मधी एक ‘काही नाही’ न्हाई का?” सासऱ्यांनी विचारलं.

“ते जेवल्यावर!”

नक्कल उत्तम होती. मला राग आला असता तर बरं झालं असतं. पण मी पाहत होतो ते सासऱ्यांचं तोंड. सत्तरी ओलांडलेला हा माणूस इतका मिश्किल आहे, त्याला आवाज बदलता येतात, हे बावीस वर्षांत मला कोणी कळू दिलं नव्हतं. माझ्यासमोर ते चारच वाक्यं बोलायचे: या, बसा, घ्या, काय चुकलं.

मग सासूबाईंनी मला पाहिलं. “बर्री, बर्री,” त्या म्हणाल्या, आणि कानडीतलं ते ‘या, या’ तोंडातून निघेपर्यंत त्यांचा चेहरा उतरला. बायकोचे पाय बाजेवरून खाली आले. मेहुणा उभा राहिला. सासरे कपबशी एका हातात धरून दुसऱ्या हाताने टोपी चाचपत होते, आणि ती सापडत नव्हती. टोपी त्यांच्याच मागे, खुंटीला होती. मी ती काढून त्यांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घ्यावा तशी.

“चालू द्या की,” मी म्हणालो. कोणीच चालू केलं नाही. मी हसलो. माझं हसणं त्या खोलीत एकटंच फिरलं आणि परत आलं. मग मला वाटलं, आपणच जरा खाली यावं. मी सतरंजीवर मांडी घालून बसलो.

आत स्वयंपाकघरात कुजबुज झाली, ती मला स्पष्ट ऐकू आली. “दाजी खाली बसले.”

“खाली? कामून?”

“काय की. खुर्चीवर अण्णा बसले व्हते नं.”

मेहुणा टॉवेलने खुर्ची पुसत आला. सासरे हात जोडून म्हणाले, “पोरांच्या नादानं बसलो व्हतो. वर बसा.” मी म्हणालो, इथंच बरं आहे. त्यावर ते स्वतः जमिनीवर बसले, माझ्यापेक्षा खालच्या बाजूला, दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबून. शेवटी मी खुर्चीवर जाऊन बसलो, तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. बिनआल्याचा चहा आला. “छान झालाय,” मी म्हणालो. सासूबाईंनी बायकोकडे पाहिलं. याचा अर्थ काय, असं त्या डोळ्यांनी विचारत होत्या, आणि बायकोलाही सांगता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाटावर बसवून सासरे पाय धुवायला तांब्या घेऊन आले. “मामा, हे राहू द्या,” मी म्हणालो. “एवढं रागावू नका,” ते हळू आवाजात म्हणाले. मी पाय पुढे केले. पाणी गार होतं. त्यांनी बोटांमधली जागासुद्धा पुसली. मी खाली बघू शकत नव्हतो आणि भिंतीकडे बघायची सोय उरली नव्हती.

निघताना मीच म्हणालो, “तू राहा चार दिवस. आठ राहा.” बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलं. “खरंच राहा,” मी म्हणालो, आणि बोलता बोलता आवाज चढला. राहायचा हुकूमच तो. ती आत गेली आणि बॅग घेऊन आली. मेहुणा स्टँडपर्यंत सोडायला आला, आमची गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

जळकोट मागे पडलं तेव्हा तिने विचारलं, “वरण खारट झालतं का?”

“नाही गं.”

कंधारला गाडी रिकामी होऊन पुन्हा भरली. बॅग तिच्या मांडीवरच होती. वरच्या फळीवर ठेवू म्हटलं तरी तिने ती दिली नाही.

“मग नक्कल केली म्हणून? अण्णांच्या मनात तसलं काय नसतं हो.”

“त्याचं मला काही—” मी म्हणालो आणि तिथेच थांबलो. पुढचा शब्द तोंडात तयार होता. त्याच्या जागी दुसरा सापडेपर्यंत लोहा आलं.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “लग्नातसुद्धा माझं नुसतं डोकं दुखत होतं.”

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या सीटच्या पाठीकडे. पर्समधून मोबाइल काढला आणि तसाच हातात धरला.

“अण्णा जेवले नसतील अजून,” ती म्हणाली. “फोनची वाट बघत असतील. काय चुकलं म्हणून सांगू त्यांना?”