बसू का जरा?

उबाळे गुरुजी कुठेही बसण्याआधी विचारायचे, "बसू का जरा?" वर्गातल्या खुर्चीत, शाळेच्या पायरीवर, कुणाच्या ओटीवर, एसटीच्या रिकाम्या बाकावरसुद्धा. समोर कोणी असो नसो. आणि उत्तर येण्याआधीच कुणीतरी हाक मारायचं, की अर्धवट वाकलेले गुरुजी पुन्हा ताठ व्हायचे. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी त्यांचं पहिलं वाक्य हेच ऐकलं. मला वाटलं, नवीन बाईंचा मान ठेवतायत. मी म्हटलं, "बसा ना, सर." तेवढ्यात खिचडीचा तांदूळ घेऊन टेम्पो आला आणि ते तो उतरवून घ्यायला गेले. त्या दिवशी ते बसलेले मला आठवत नाहीत.

आमची शाळा सापगावच्या पुढे, मुरबाडचा रस्ता सोडून आत गेलं की लागणाऱ्या एका पाड्यावर. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पटावर जेमतेम तेवढी मुलं, जेवढ्यांत शाळा बंदही करता येत नाही आणि तिसरा शिक्षकही मागता येत नाही. मी शहापूरहून यायचे, गुरुजी धसईहून. एवढ्या लांबून मोटरसायकल हाणत यायचे आणि तरी माझ्याआधी पोचलेले असायचे. उंच, वाळके, शर्टाची कॉलर उसवलेली, खिशात खडू आणि मोबाइल एकत्र, त्यामुळे मोबाइल कायम पांढरा. गुरुजी जाऊन आता वर्ष होत आलं, पण तो खडूने माखलेला मोबाइल माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या मोबाइलनेच आमचा जीव नकोसा केला होता. सकाळी हजेरीची माहिती, दुपारी खिचडीचा फोटो, संध्याकाळी आणखी कसलं तरी सर्वेक्षण, आणि प्रत्येकाच्या खाली "त्वरित". मी वैतागायचे, मुलांवर खेकसायचे. गुरुजी नुसते हसायचे. "बाई, काम संपत नाय, माणूस संपतो," म्हणायचे आणि माहिती भरायला घ्यायचे. तेही दमलेलेच होते, माझ्याहून जास्त, पण त्यांचं दमणं दुसऱ्याला लागत नसे. माझं लागतं. एकदा मी चिडून विचारलं, "तुम्हाला राग कसा येत नाही हो?" तर म्हणाले, "येतो ना. पण रागावायला ताकद लागते. ती मी मुलांच्या गाण्याला ठेवतो."

मग एका संस्थेची माणसं गाडी घेऊन आली. त्यांनी शाळेला एक प्रोजेक्टर दिला, एक स्पीकर दिला आणि एका पेनड्राइव्हमध्ये एक सिनेमा दिला. फोटो काढले, मुलांना बिस्किटं वाटली आणि गेली. सिनेमा होता कार्टूनचा. कुठल्यातरी काचेच्या उंच इमारतींच्या शहरात एक मुलगा भंगारातून रोबोट तयार करतो. तो रोबोट उडतो, आगी विझवतो, पूल धरून ठेवतो, दुष्ट माणसाला पकडतो. शेवटी धरणाचं दार तुटतं तेव्हा स्वतःची पाठ लावून पाणी अडवतो. सगळा सिनेमा इंग्रजीत. आणि स्पीकर पहिल्याच शनिवारी विजेच्या झटक्याने जळाला.

दप्तराविना शाळेचा शनिवार होता. मुलं आशेने भिंतीकडे बघत बसलेली, आणि भिंतीवर तो मुलगा नुसता तोंड हलवतोय. मी म्हटलं, "बंद करूया." गुरुजी भिंतीवरच्या चित्राशेजारी जाऊन उभे राहिले, खाकरले आणि बोलायला लागले. मुलाला त्यांनी नाव दिलं बाळ्या. रोबोट डब्यांपासून झालेला, म्हणून तो डबडू. बाळ्या बोलायचा तुरुतुरु, पाड्यावरच्या पोरांसारखा. डबडूचा आवाज मात्र गुरुजींचा स्वतःचा, दिवस मावळतानाचा. आग विझवून आला की डबडू म्हणायचा, "बाळ्या, झालं बघ तुझं काम. बसू का जरा?" आणि बाळ्या म्हणायचा, "अजून थोडं रे डबडू, पूल पडतोय." पूल धरून झाला की पुन्हा, "आता बसू का?" "अजून थोडं रे!" मुलं पोट धरून हसली. मीही हसले. किती दिवसांनी हसले ते सांगवत नाही.

त्यानंतर दर शनिवारी तोच सिनेमा. दुसरा नव्हताच. पण गुरुजी दर वेळी काहीतरी नवं घालायचे. धरण आपलं भातसा झालं. "सगळं पानी मुंबैला जातं, डबडू, आपल्याला टँकर येतो," असं बाळ्या म्हणाला की खिडकीबाहेर उभ्या राहिलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हो, बायकाही यायला लागल्या होत्या. कामावर जाताना थोडा वेळ थांबून डबडूला बघून जायच्या.

शेवटाला मात्र मुलं दर वेळी भांडायची. पाणी अडवून झाल्यावर डबडू धरणाच्या भिंतीवर उतरतो, त्याचे गुडघे वाकतात, वाटतं, बसला. तेवढ्यात शहरात लाल दिवा लागतो आणि दोघं पुन्हा उडून जातात. सिनेमा संपतो. पहिलीतली सानिका उठून उभी राहायची. "गुरुजी, बसू द्या ना त्याला!"

"मी कुटं अडवलंय?" गुरुजी म्हणायचे. "बघ ना, उडतोय तो. उडणाऱ्याला बसला कसं म्हणू? चित्रात नाय ते तोंडात नाय."

हा त्यांचा नियम होता. न घेतलेल्या उपक्रमाचा फोटो मागितला की वरच्या साहेबांनाही ते हेच ऐकवायचे, आणि बोलणीही खायचे. मी समजावायचे, एखादा जुना फोटो टाकून मोकळे व्हा. ते मान हलवायचे. "खोटं लक्षात ठेवावं लागतं, बाई. एवढी जागा नाय आता डोक्यात."

पावसाळ्यानंतर डबडूचा आवाज बदलला. खरखरीत झाला, खोल गेला. एका वाक्यापाशी तो खोकायचाही. मुलांना भारी आवडलं. "डबडू म्हातारा झाला!" केंद्रप्रमुख आले होते, त्यांनी पाठ थोपटली. "काय आवाज काढता हो, उबाळे!" मीही कौतुक केलं. गुरुजींना स्वतःलाही तसंच वाटत होतं. "ह्या डबडूनं माझा घसा धरला बघा," म्हणायचे, आणि ज्येष्ठमधाची काडी चघळायचे. सगळ्या पाड्याने मिळून त्या आजाराला टाळ्या वाजवल्या असं आता म्हणायचं.

धसईच्या बाजारात त्यांच्या मंडळी भेटल्या, शोभावहिनी. मी घरच्या तांदळाचा भाव विचारत होते. त्या हसत हसत तक्रार करायला लागल्या. "बाई, तुमच्या गुरुजींना सांगा ना जरा. शालेत रोबोट करतात ते ठीक हाय, पन घरी तरी मानसाच्या आवाजात बोला म्हनावं. भाजी वाढ म्हनतात ते पन तसंच. झोपेत बरलतात ते पन तसंच."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसूही माझ्याकडे बघता बघता गेलं. झोपेत कोणी सोंग काढत नाही, हे आम्हा दोघींना त्या बाजारात एकाच वेळी कळलं.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. स्वरयंत्राचा कॅन्सर. ते काढून टाकलं तर माणूस जगेल, पण आवाज जाईल. गुरुजी सही करायला तयार होईनात. मी घरी गेले तेव्हा अंगणात उभे होते. "आवाज गेलेला मास्तर म्हणजे काय, बाई? विहीर हाय, पन पोहरा नाय," एवढंच त्या खरखरीत आवाजात म्हणाले. वहिनी आतून आल्या. रडून झालं होतं त्यांचं. "मला तुमी बोलनारे नकोत," म्हणाल्या. "मुके चालतील. पन ह्या घरात तुमी बसलेले पायजेत." गुरुजींनी कागद मागून घेतला. मग सही केली.

ऑपरेशननंतर गळ्याशी श्वासाचं भोक राहिलं, त्यावर पांढरा रुमाल. बोलण्यासाठी एक यंत्र मिळालं, टॉर्चएवढं. ते गळ्याला दाबून धरायचं, ओठ हलवायचे, की घरघरत शब्द निघतात. सपाट, एका सुराचे, ना वर ना खाली. गुरुजींनी ते एकदा लावून पाहिलं आणि कपाटात ठेवून दिलं. घरात पाटीवर लिहून बोलायचे. मी शाळेत बोलवायला गेले, तर पाटीवर लिहिलं, "आता खराच डबडू झालो. पोरं हसतील." पुसलं, आणि पुन्हा लिहिलं, "हसली तर सोसेन. घाबरली तर नाय सोसायचं."

इकडे शाळेत माझे हाल. गुरुजींच्या जागी कोणी आलं नाही, दोन्ही खोल्या माझ्या गळ्यात. नवा स्पीकर आणून सिनेमा लावला, तर मुलांनी गिल्ला केला. "बाई, ह्यो डबडू खोटा हाय. डबडू इंग्लिश कुटं बोलतो?" मग मी स्वतः बोलून पाहिलं. सानिका शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचा डबडू रागावतो." मी प्रोजेक्टर बंद केला. रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात ना, तसं झालं होतं. पण सानिकाचं ते वाक्य घरापर्यंत सोबत आलं. मी पुन्हा धसईला गेले आणि गुरुजींना सरळ सांगितलं, "मी दमले. मुलांसाठी नको, माझ्यासाठी या. एकच शनिवार."

ते आले. वहिनी मोटरसायकलवर मागे बसून सोबत आल्या होत्या. मुलं दारात गोळा झाली आणि गळ्यावरचा रुमाल बघून थबकली. गुरुजी वर्गात येऊन भिंतीशेजारच्या आपल्या जागी उभे राहिले. खिशातून यंत्र काढलं. त्यावर खडू लागलेला होता. ते गळ्याला लावलं आणि म्हणाले, "मुलांनो, कसे आहात?"

ते घरघरतं वाक्य खोलीत उमटलं आणि कोणी हललं नाही. हसलं नाही, रडलंही नाही. मग सानिका पुढे आली, मान तिरकी करून त्या यंत्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी डबडूसारखं नाय बोलत."

गुरुजींनी यंत्र खाली घेतलं.

"डबडू तुमच्यासारखा बोलायचा," ती म्हणाली. "तो आवाज आमाला येतो." आणि मागे वळून मुलांना म्हणाली, "येतो ना रे?" मग तिने माझी खुर्ची ओढत ओढत भिंतीशेजारी आणली. "तुमी बसा, गुरुजी. डबडू आमी बोलतो."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. आणि बसले. मी सिनेमा लावला.

डबडू भिंतीवर आला आणि सगळा वर्ग एका आवाजात बोलू लागला, गुरुजींच्या त्या खोल, दमलेल्या आवाजात. एकेक शब्द पाठ. जिथे गुरुजी खोकायचे तिथे मुलंही खोकली. त्यांना तो खोकला सिनेमातलाच वाटत होता. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. नवऱ्याचा गेलेला आवाज इतक्या तोंडांतून परत ऐकताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. बाळ्याचं बोलणं चौथीतली दोघं वाटून घेत होती. आग विझली, पूल सावरला. दर वेळी "बसू का जरा?" आणि दर वेळी "अजून थोडं रे!"

धरण आलं. डबडूने पाठ लावली, पाणी अडलं. तो भिंतीवर उतरला, गुडघे वाकले. मुलं म्हणाली, "बाळ्या, आता तरी बसू का जरा?"

बाळ्याची वाक्यं बोलणारी दोघं गप्प राहिली. विसरली, की मुद्दाम, ते मला आजही माहीत नाही. खोलीत नुसती प्रोजेक्टरची घरघर. मग खुर्चीतून दुसरी घरघर आली, सपाट, एका सुराची.

"बस रे. बस आता."

सगळी मुलं भिंतीकडे बघत होती. पुढचं चित्र सगळ्यांना माहीत होतं. आता लाल दिवा लागणार, आता डबडू उडणार आणि जन्मभर खोटं न बोललेल्या माणसाचं हे एक वाक्य खोटं पडणार. मी धावत गेले आणि सिनेमा तिथेच थांबवला.

शाळा सुटेपर्यंत डबडू भिंतीवर तसाच बसून होता, आणि त्याच्या शेजारी, खुर्चीत, गुरुजी.