टीव्हीवरचा माझ्या भावाचा तलाव

मंडळी, आज भावाला घेऊन भंडाऱ्यात दातांच्या दवाखान्यात गेले होते. तिथल्या टीव्हीवर आमच्या एकोडी गावचा तलाव संथ हलत होता.

हा व्हिडिओ माझ्या भावानंच वर्षभर खपून केलेला. बेडकांच्या अन् मोटारपंपाच्या आवाजातून बनवलेलं संगीतही त्याचंच. पण खाली कोपऱ्यात त्याचं नाव होतं, नेमक्या त्याच्यावर दवाखान्याची जाहिरात चिकटवलेली.

"हा कोणाचा हो?" मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं.

"कोणाचा म्हंजे? नेटवरून घेतला जी. फुकट भेटते."

मी भांडायला उठले, तर भावानं हात धरला. "राहू दे ताई. लोकं पाहून तरी राहिले."

मी वळून पाहिलं. सगळे मोबाइलमध्ये होते.

मी परत खुर्चीत बसले. तुम्ही बसला असता?