माजघराच्या दाराची कडी

फणसाच्या जाड फळीवर लोखंडी कडी आपटली की कोरडा, खणखणीत आवाज होतो. आज इतक्या वर्षांनीही कुठे तो आवाज कानी पडला, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अंगणात सुपारी वाळत असते, समुद्राकडून खारा वारा येत असतो, ओटीवर कुणीतरी निवांतपणे अडकित्ता चालवत असतो. आणि त्या साऱ्या सुखवस्तू आवाजांतून तो एकच आवाज नेमका माझ्यापर्यंत पोचतो. तो ऐकला की मला माझ्या जाऊबाई आठवतात, आणि त्यांच्या मनगटाभोवती आवळलेली माझी स्वतःची बोटं आठवतात.

तुमच्याकडे काय रीत असेल ती असो. आमच्या रत्नागिरीच्या घरात त्या काळी ओटीवर चार पुरुष बसलेले असताना बाईने आपल्या नवऱ्याला हाक मारायची नसे. हाक कशी मारणार? नाव घ्यायचं नाही, समोर जायचं नाही, आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. मग माजघराच्या दाराआड उभं राहून कडी वाजवायची. एकदा वाजली की पानं वाढली. दोनदा वाजली की जरा आत या. हलक्या हाताने वाजतच राहिली तर पोर तापलं आहे, नाहीतर सासूबाईंना दम लागला आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा जाऊबाईंनी मला पहिल्यांदा काही शिकवलं असेल तर ते हे कडी वाजवणं. मलाही त्याचं भारी कौतुक वाटलं. किती मर्यादेचं, किती नाजूक संभाषण हे, असं मी माहेरी पत्रातसुद्धा लिहिलं होतं! ते पत्र आता कुठे सापडलं तर चुलीत घालीन. त्या कडीत हाक होती, विनंती होती, निकडसुद्धा होती. एक गोष्ट मात्र तिला कुणी शिकवलीच नव्हती. तिला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं.

जाऊबाईंची मुलगी यमू तेव्हा बारा वर्षांची होती. लगोऱ्यांत मुलग्यांना हरवायची, आणि हसायला लागली की तिला उचकी लागायची. एका दुपारी दापोलीकडचे एक खोत तिला मागणी घालायला आले. गृहस्थ बिजवर. ओटीवर यमूचे वडील, म्हणजे भावोजी होते, दोघे शेजारी होते, आमचे हेही होते. पुरुषांनी गोत्र विचारलं, पत्रिका ताडून पाहिली, हापूसची कलमं किती आणि त्यांतली फळ धरणारी किती हेही विचारलं. पहिली बायको कशाने गेली, हे विचारण्याची बुद्धी मात्र त्या शहाण्या मंडळीत एकालाही झाली नाही.

ते जाऊबाईंना ठाऊक होतं. त्यांचं माहेर दाभोळचं, आणि खोतांची पहिली बायकोही त्याच आळीतली. ती माहेरपणाला आली तेव्हा तिच्या पाठीवर उलथन्याचे डाग होते. न्हाऊ घालणाऱ्या बाईने ते पाहिले, तिने दुसरीला सांगितलं, आणि होता होता साऱ्या आळीतल्या बायकांना ते कळलं. पुढे वर्षभरात ती सासरच्या विहिरीत सापडली. पुरुषांच्या बोलण्यात ‘पाय घसरला’ एवढंच आलं. बायकांना जे ठाऊक असतं त्याला आमच्याकडे माहिती म्हणत नाहीत, चुलीपुढल्या गप्पा म्हणतात. खोतांच्या कलमांची मोजदाद ती माहिती, आणि एका मुलीच्या पाठीवरचे डाग त्या गप्पा! असा विद्वान समाज दुसरीकडे कुठे असेल?

खोतांचं नाव कानी पडताच जाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या. दोन शब्दांत त्यांनी मला सारं सांगितलं आणि दोनदा कडी वाजवली. ओटीवरचं बोलणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. त्यांनी पुन्हा वाजवली. मग त्या वाजवतच राहिल्या; मर्यादा नाही, ताल नाही, दाराच्या फळीवर खपल्या निघतील अशी. बाहेर कुणीतरी हसून म्हणालं, आत फारच गडबड दिसते. भावोजी उठले नाहीत. तेव्हा जाऊबाईंनी कडी सोडली, पदर सावरला आणि उंबऱ्यावर पाय ठेवला.

आणि मी त्यांचा हात धरला.

मी, मराठी सहावीपर्यंत शिकलेली! स्त्रीशिक्षणावर टाळ्यांची व्याख्यानं देणाऱ्या मास्तरांची बायको! मी त्यांना मागे ओढलं आणि कानाशी म्हटलं, की असं बाहेर गेलात तर काय म्हणतील लोक. मला हे सांगायला कुणी उभं राहिलं नव्हतं, कुणी डोळे वटारले नव्हते. बायकांना गप्प बसवायला पुरुष दर वेळी लागतात असं थोडंच आहे? ते काम आम्ही घरच्या घरी, आपापसांत, मायेने उरकून टाकतो. जाऊबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पाय मागे घेतला. ओटीवर सुपारी फुटली.

यमू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा जाऊबाई तिला रोज खोदून खोदून विचारत, आणि ती रोज ‘बरं आहे’ एवढंच म्हणे. एवढी बडबडी मुलगी, आईच्या मांडीवर डोकं ठेवूनही दोन शब्दांपलीकडे जाईना. न्हाऊ घालताना तिची पाठ मी पाहिली. तिथे काय होतं ते मी लिहीत नाही. दाभोळच्या बायकांनी ते आधीच एकदा पाहिलं होतं. तीन महिन्यांनी बाळासह तिची पाठवणी झाली, कारण मुलीला ठेवून घेणं बरं दिसत नाही. पुढल्या वर्षी कोपरा फाडलेलं कार्ड आलं. यमू गेली होती.

तेरावा झाल्यावर जाऊबाईंनी भावोजींना एकच प्रश्न विचारला. मी पलीकडे तांदूळ निवडत होते.

“त्या दिवशी कडी ऐकू आली नव्हती?”

भावोजींनी हातातलं पान पुरं लावून घेतलं. मग म्हणाले, “आली होती. कशासाठी वाजत्ये तेही समजलं होतं. पण चार माणसांतून बायकोच्या कडीसरशी उठलो असतो, तर काय शोभा राहिली असती?”

इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होते, की त्यांना ऐकू आलं नसेल, समजलं नसेल. त्यांना सारं समजलं होतं! आम्ही आमची भाषा सुधारावी, आर्जवी करावी, योग्य वेळ पाहून बोलावं, हे सारे उपदेश त्या एका वाक्यापाशी संपले. ऐकणाराला उठायचंच नसेल, तर आमच्या बोलण्यातली खोट किती दिवस शोधायची? त्या दिवसापासून जाऊबाईंनी कडीला हात लावला नाही. पानं वाढली की त्या भांडं जमिनीवर आदळत. जेवायचं त्याने यावं.

हे सारं आज लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात आमच्या ओटीवर पुन्हा पाहुणे आले. माझी कुसुम चौदाची आहे, शाळेत जाते, पुढे शिकायचं म्हणते. पाहुणे चांगले वकील, पण वय तिच्या दुपटीहून अधिक, आणि शाळा बंद करावी ही त्यांची पहिली अट. सकाळीच मी ह्यांना निक्षून सांगितलं होतं, की हे व्हायचं नाही. हे ‘बघू’ म्हणाले होते. दाराआडून मी ऐकत होते, आणि हे हळूहळू ‘हो, हो’च्या सुरात येत चालले होते. शेजारी भावोजी मान डोलावत होते. माझा हात सवयीने कडीवर गेला. थंडगार लोखंड. मी ती सोडून दिली आणि उंबरा ओलांडला.

चार पुरुषांनी एकदम जमिनीकडे पाहिलं. आदल्या रात्रीपासून जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. जेमतेम एवढंच म्हणाले, “कुसुमचं लग्न आत्ता करायचं नाही.” तेही इतकं हळू, की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

तेवढ्यात मागून, स्वयंपाकघरातून, जाऊबाईंचा आवाज आला. ओटीपर्यंत तो या घरात प्रथमच पोचत होता.

“मोठ्यान् सांग गो. हळू बोललेलं त्यांना ऐकू येतं, पण उठवत नाही.”

भावोजींच्या हातातला अडकित्ता थांबला. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी रस्त्यापर्यंत जाईल असं. वकीलसाहेबांनी टोपी उचलली. हे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, न बोलोत. कुसुम सोमवारी शाळेत गेली. त्या दिवशी ओटीवरून मी आत वळले तेव्हा दार वाऱ्याने हलत होतं आणि कडी फळीवर आपटत होती. जाऊबाई आल्या आणि त्यांनी ती कोयंड्यात अडकवून ठेवली.